टापांखालची माती

आषाढी वारीत माउलींच्या पालखीचे रिंगण लागते तेव्हा आधी दिंड्या आपापल्या जागी लावून घेतल्या जातात, मधली वाट मोकळी होते आणि दोन अश्व त्या वाटेने दौडत सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणी बसत नाही, कारण त्याच्यावर खुद्द माउली विराजमान आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे हे अश्व दरवर्षी पायी आळंदीला येतात आणि तिथून पंढरपूरपर्यंत चालतात. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, पुरंदवडेला गोल. दौड संपली रे संपली की माणसे आत धावतात, वाकतात आणि जिथे टाप उमटली तिथली चिमूटभर माती उचलून कपाळाला लावतात. पाऊस झालेला असला तर ती माती नसते, चिखल असतो. तोही कपाळाला लागतो. जनावराच्या पायाखालचे आपल्या माथ्यावर घ्यायचे, हा नम्रतेचा फार मोठा संस्कार आहे आणि तो आपल्या मातीत शेकडो माणसांना आपोआप जमतो. मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. तोच चिखल पावसाळाभर ज्या पायांना चिकटून राहतो, त्या पायांचे आपण काय देणे लागतो? पालखीच्या अश्वांची निगा मानाने होते, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. प्रश्न बाकीच्या घोड्यांचा आहे: माथेरानच्या लाल मातीत पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणाऱ्या, वरातीत नाचवल्या जाणाऱ्या, लहान गावांत अजून टांगा ओढणाऱ्या.

चिखलाने घोड्याच्या पायाला जो रोग होतो त्याला इंग्रजीत ‘मड फीवर’ म्हणतात. नावात ताप असला तरी बहुतेक वेळा अंगात ताप नसतो. असतो तो कातडीचा दाह. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला एक खळगी असते. तिथली कातडी पातळ आणि घड्यांची, पाय उचलला की ती दुमडते आणि टेकला की ताणली जाते. दिवसचे दिवस ती ओली राहिली की भिजून फुगते, मऊ पडते, खड्याने किंवा वाळूने तिला बारीक चिरा जातात. त्या चिरांतून जंतू आत शिरतात. त्यांतला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे ‘डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस’. १९१५ साली बेल्जियन काँगोतल्या गुरांच्या कातडीवर तो प्रथम नोंदवला गेला, म्हणून त्याच्या नावात काँगो. हा जंतू सुकलेल्या खपलीत दीर्घकाळ निपचित पडून राहतो आणि पाणी मिळाले की त्याचे बीजाणू पोहू लागतात. कोरड्या, अखंड कातडीपुढे तो हतबल असतो. भिजलेली, चिरलेली कातडी हेच त्याचे दार. मग लस झिरपते, केस एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके होतात आणि वर खपली धरते. अशी खपली निघाली तर तिच्या खालच्या अंगाला केसांची मुळे रंगाच्या कुंचल्यासारखी एकत्र अडकलेली दिसतात आणि खाली ओलसर पिवळट पू असतो. दुर्लक्ष झाले तर खळगी आडवी फाटते, प्रत्येक पावलाला ती भेग उघडते, पाय गुडघ्यापर्यंत सुजतो, घोडा लंगडू लागतो. केव्हा केव्हा याच जागी बारीक किडे किंवा दुसरे जंतूही असतात, म्हणून एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. पण वाट करून देणारी गोष्ट जवळजवळ नेहमी एकच असते, आणि ती म्हणजे न सुकणारा पाय.

आता इथे एक साधी शंका येते, आणि सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे म्हणून ती आधी घेतो. पाऊस काय माणसाने पाडला? रानातले घोडेही भिजतात, चिखलात उभे राहतात. मग हा निसर्गाचा भाग आहे. त्यात धर्म-अधर्माचा प्रश्न आला कुठून? उत्तर दोरीत आहे. मोकळा घोडा भिजतो, पण भिजत राहायचे की नाही हे तो ठरवतो. तो उंचवट्यावर जातो, झाडाच्या आडोशाला जातो, खडकाळ जागा शोधतो, वाऱ्याला पाठ देऊन उभा राहतो. आपल्या जुन्या पागांच्या भाषेत ‘अगाडी-पिछाडी’ हा शब्द आहे: पुढून गळ्याची दोरी, मागून पायांची. अगाडी-पिछाडी लावलेल्या घोड्याला दोन हात पलीकडची कोरडी जागा दिसते, पण तिथे जाता येत नाही. त्याच्या पायाखालची जमीन कोणती असावी हा निर्णय त्याच्याकडून काढून घेतलेला असतो, आणि तो ज्याने काढून घेतला त्याच्याकडे आलेला असतो. दोरी बांधणाऱ्याच्या हाती आलेला हा अधिकार एकटा येत नाही, त्याच्याबरोबर कोरड्या जागेची जबाबदारीही येते. म्हणून बांधलेल्या घोड्याला कोरडे थान देणे ही मेहेरबानी नाही. ज्याची निवड आपण घेतली, त्याला तिची किंमत परत करणे आहे. भूतदया हा शब्द इथे अपुरा पडतो, कारण दया करायची की नाही हे दयाळू माणसाच्या मर्जीवर असते. देणे मर्जीवर नसते.

हा विचार परका नाही. जैन आचारशास्त्राने तो फार काटेकोरपणे मांडला आहे. गृहस्थाच्या अहिंसाव्रताला डाग लावणारे जे पाच अतिचार उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, ते असे: बांधणे, मारणे, कातडी किंवा अवयव छेदणे, झेपेल त्याहून अधिक भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. ही यादी युद्धभूमीवरची नाही, ती गोठ्यातली आणि तबेल्यातली आहे. ज्याच्या दावणीला जनावर आहे अशा संसारी माणसाला नजरेसमोर ठेवून ती केली आहे. त्यात पहिला क्रमांक बंधनाचा आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. बांधणे सर्वस्वी वर्ज्य असते तर गृहस्थाला जनावर पाळताच आले नसते. परंपरेतल्या टीकाकारांनीही निर्दयपणे, निष्कारण बांधण्याकडे बोट दाखवले आहे. त्याच ग्रंथात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवले आहे. जीव दुखावला यात हिंसा आहेच, पण ती हिंसा म्हणून मोजली जाते ती दुखावणाऱ्याच्या गाफील वृत्तीमुळे. आपल्या नेहमीच्या बोलण्यात अहिंसा म्हणजे चाबूक न उगारणे. या व्याख्येने पाहिले तर चाबूक कधी न उगारणारा माणूसही हिंसक असू शकतो, जर चार महिन्यांत त्याने एकदाही खाली वाकून घोड्याच्या पायावरून हात फिरवला नसेल. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे दीर्घ विवेचन येते, त्यातही ती माणसाच्या चालण्यातून, पाहण्यातून, हातांतून कशी दिसते हे सांगितले आहे. अहिंसा हाताला कळली पाहिजे. आणि या रोगात तर ती अक्षरशः हातालाच कळते: केसांखालची बारीक खपली डोळ्यांना दिसण्याच्या आधी बोटांना लागते.

पूजा आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक धर्माची आणि दुसरी धंद्याची, असे आज आपल्याला वाटते. कौटिल्याला तसे वाटत नव्हते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातला तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाचा आहे. त्यात घोड्याचे थान कसे असावे ते सांगितले आहे: चौरस, खाली गुळगुळीत फळ्या अंथरलेल्या, चाऱ्याची जागा वेगळी, आणि मलमूत्र वाहून जाईल अशी सोय. फळ्या कशासाठी? घोडा स्वतःच्याच मुतात आणि ओल्या मातीत उभा राहू नये यासाठी, हे कोणाही घोडेवाल्याला सांगावे लागणार नाही. याच अध्यायात आश्विनातल्या नवमीला घोड्यांचे नीराजन करावे, म्हणजे त्यांना ओवाळावे, असेही सांगितले आहे. प्रवासाच्या आरंभी आणि शेवटी, तसेच आजारपणातही शांतिकर्म म्हणून ते करावे असे आहे. आणि याच अध्यायात अश्ववैद्याला दंड सांगितला आहे: उपचारातल्या हयगयीने रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट, आणि त्याच्या चुकीने जनावर हातचे गेले तर जनावराच्या किमतीइतका. ओवाळणी, फळ्यांची जमीन आणि वैद्यावरची जबाबदारी ही तिन्ही एकाच अध्यायात, एकाच अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत आहेत. यातली ओवाळणी आपण आजही पाळतो. खंडेनवमीला, दसऱ्याला घोड्याच्या कपाळाला कुंकू लागते, गळ्यात झेंडूची माळ पडते. फळ्या मात्र आपण विसरलो. त्या अध्यायाचा जो भाग फुलांनी साजरा होतो तो टिकला आणि जो भाग सुतार लावून करावा लागतो तो गळून गेला.

आपली शुभाशुभाची दृष्टीही इथे तपासून पाहावी लागते. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेला घोडा म्हणजे पंचकल्याणी. बाजारात त्याला वेगळी किंमत येते, वरातीला तो मुद्दाम मागितला जातो. पण पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, तिच्यात रंगद्रव्य नसते, आणि घोडे सांभाळणाऱ्यांचा जगभरचा अनुभव असा की चिखलाचा हा रोग पांढऱ्या पायांना अधिक होतो. उन्हाचा दाहही अशाच कातडीला जास्त जाणवतो. ज्या खुणेमुळे आपण त्याला कल्याणकारी म्हणतो, तीच खूण त्याच्या कल्याणाच्या आड येते. लक्षण बघून घोडा निवडणाऱ्याने लक्षणाबरोबर येणारे हे ओझेही आपलेच समजायला हवे.

याउलट आपल्याकडचा एक विधी असा आहे की त्याच्यापासून घोड्याच्या बाबतीत शिकता येईल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वागवून जिथे घट्टे पडले, कातडी सोलवटली, त्या खांद्याला तूप-हळद लावतात, चोळतात, शेकतात. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी हे सगळे आहेच, पण पूजेची सुरुवात जिथे दुखते तिथे हात ठेवून होते. कृतज्ञतेला शरीरशास्त्र कळते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. शेतकऱ्याने बैलाला विचारले नाही, पण त्याने खांदा पाहिला आणि विधी त्या खांद्यावर आणून ठेवला. घोड्याच्या पूजेत माळ गळ्यात पडते आणि कुंकू कपाळाला लागते. त्याचे दुखणे पायांत असते. घोड्याची खांदेमळणी कोणती, असा प्रश्न मनाशी विचारला तर उत्तर मृगाच्या आसपास सापडते: पाऊस लागण्याआधी थानाची जमीन उंच करणे, मुरूम किंवा फळ्या टाकणे, पाण्याला चर काढणे, पायांची कातडी पाहून घेणे.

उपचाराचा भाग मी थोडक्यात सांगणार होतो, पण त्यात एक अशी गोष्ट आहे की जी थेट आपल्या शुद्धीच्या कल्पनेला जाऊन भिडते. चिखल लागला की धुवायचा, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पाणी म्हणजे पावित्र्य. स्नान केले की शुद्ध झाले. संध्याकाळी कामावरून आलेल्या घोड्याचे पाय पाण्याचा झोत मारून स्वच्छ करणारा मोतद्दार मनापासून चांगलेच करत असतो. पण पाय धुऊन तसेच ओले सोडले तर तो रोगाला मदत करतो. रोज धुणे आणि न सुकवणे, यानेच कातडी सर्वांत लवकर हार खाते. त्यापेक्षा चिखल अंगावरच वाळू द्यावा आणि मग खरारा करून झाडून टाकावा, हे अधिक सुरक्षित. धुवायचेच असेल तर जितका वेळ धुण्यात जातो त्याहून जास्त वेळ पुसण्यात गेला पाहिजे. रोग झालाच तर पहिले औषध म्हणजे घोड्याला ओलीतून बाहेर काढणे. ते केल्याशिवाय पुढचे सगळे वाया जाते. मग त्या जागेचे केस कातरून हवा लागू द्यायची. खपल्या ओरबाडून काढायच्या नाहीत, त्या दुखतात आणि खालची कातडी पुन्हा उघडी पडते. त्या भिजवून मऊ करून जेवढ्या सहज सुटतील तेवढ्याच काढायच्या आणि गोळा करून टाकून द्यायच्या, कारण जंतू त्यांच्यातच टिकून असतो. क्लोरहेक्सिडिनचे सौम्य द्रावण लावून काही मिनिटे राहू द्यायचे, धुवायचे आणि स्वच्छ फडक्याने टिपून पूर्ण कोरडे करायचे. तेल, तूप किंवा मलम हे त्यानंतर. ओल्या कातडीवर चोपडले तर ओल आत कोंडते. सूज वर चढत असेल, घोडा लंगडत असेल किंवा आठवड्याभरात फरक नसेल तर पशुवैद्याला बोलवायचे, प्रतिजैविक द्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. या सगळ्यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते एवढेच की इथे शुद्धी पाण्यात नसून कोरडेपणात आहे. आपण जे पवित्र मानतो ते दुसऱ्या जिवाच्या कातडीला मानवते का, हे पाहिल्याशिवाय केलेली सेवा ही सेवा करणाऱ्याच्या समाधानापुरती उरते.

या म्हणण्यावर सर्वांत जुना आक्षेप कर्माचा. पशूची योनी ही भोगयोनी. पूर्वकर्माचे फळ तो भोगतो आहे, त्यात माणसाने कितीसे पडावे? हा आक्षेप उघडपणे फार कोणी मांडत नाही, पण ‘त्याच्या नशिबी आहे’ या उद्गारात तो दडलेला असतो. त्याचे पहिले उत्तर असे की हाच न्याय माणसाला लावायला आपण कधी तयार होत नाही. पाय मुरगळलेला माणूस पूर्वकर्म आठवत बसत नाही, तो दवाखाना गाठतो. दुसरे उत्तर अधिक खोल आहे आणि ते कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरेतूनच येते. पाली संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की सगळी सुखदुःखे पूर्वकर्मानेच येतात असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्ध ते मान्य करत नाही. वेदनेची अनेक कारणे तो वेगवेगळी मोजतो: पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, निगेतली विषमता, बाहेरून झालेला आघात, आणि या सर्वांबरोबर कर्मविपाक हेही एक कारण. ऋतुबदल आणि निगेतली हयगय ही कर्माहून वेगळी मोजली आहेत, हे लक्षात घ्यावे. मड फीवरची कारणे सांगायला बसलेला आजचा पशुवैद्य नेमकी हीच दोन आधी सांगेल. घोड्याच्या पायाला जे झाले त्याला त्याचे कर्म जबाबदार धरण्याआधी आपले कर्म तपासायला हवे. ते निदान आपल्याला दिसते, आणि बदलताही येते.

दुसरा आक्षेप मला कर्माच्या आक्षेपाहून कितीतरी जड वाटतो. घोडेवाला स्वतः त्याच चिखलात उभा असतो. त्याच्या पायांना चिखल्या झालेल्या असतात, त्याच्या घराचे छप्पर गळते. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी आहे आणि पावसाळ्यात नेरळहून घाट चढणारी छोटी गाडी बंद असते. गर्दी ओसरलेली असते, फेऱ्या थोड्या मिळतात. अशा माणसाला घोड्याच्या थानाला फळ्या घाल असे सांगणारा कोण लागून गेला? हा राग योग्य आहे. पण तो ज्या निष्कर्षाला जातो तो योग्य नाही. घोडेवाल्याचे पाय आणि घोड्याचे पाय ही एकमेकांविरुद्धची मागणी नाही. लंगडा घोडा म्हणजे बंद चूल, हे त्याला आपल्याहून जास्त कळते. आणि देणे दोरी बांधणाऱ्याचे आहे असे मी म्हटले तेव्हा दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे अजून सांगितले नव्हते. ते घोडेवाल्याच्या एकट्याच्या हातात नाही. जो पैसे देऊन बसतो त्याच्या हातात आहे, मुलाच्या वरातीला पंचकल्याणीच हवा म्हणणाऱ्या वरबापाच्या हातात आहे, मोटारी नसलेले गाव म्हणून ज्या गावाची कीर्ती घोड्यांच्या पाठीवर उभी आहे त्या गावाच्या हातात आहे. तळाची उंच, निचऱ्याची जमीन हे एकेका घोडेवाल्याचे काम नाही. रस्ता आणि गटार जसे सगळ्यांच्या पैशाने होते तसे ते व्हायला हवे. कायदा इथे फार पुढे गेलेला नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम प्राणी सांभाळणाऱ्या प्रत्येकावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकते, अकरावे कलम जखम किंवा व्रण असलेल्या, कामाला अयोग्य जनावराला कामाला लावणे गुन्हा ठरवते. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यातला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे. कौटिल्याच्या हिशेबात निदान जनावराची पूर्ण किंमत होती.

तिसरा आक्षेप अगदी विरुद्ध बाजूने येतो आणि त्याची नैतिक उंची मोठी आहे. दोरी बांधणे हाच मूळ अन्याय असेल, तर कोरड्या थानाची आणि मलमाची भाषा करून आपण तो अन्याय जरा सुसह्य करतो आणि लांबवतो, असे तो म्हणतो. घोड्यावर बसूच नये, टांगे बंद व्हावेत. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्यांवर उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी घातली, आणि त्या घोड्यांचे हाल पाहिलेल्या कोणाला तो निर्णय चुकीचा वाटणार नाही. मी या आक्षेपाला खोडून काढू इच्छित नाही. दोरी एक दिवस सुटावी हे ध्येय म्हणून मला मान्य आहे. पण ध्येयाच्या वाटेवर आजचा पाय आहे. हजारो वर्षे माणसाने घोड्याला आपल्याजवळ वाढवले, आपल्या कामासाठी त्याची अवलाद घडवली. आज दोर कापून दिला तर त्यातले बहुतेक घोडे कुठे जातील, काय खातील, याचे उत्तर नुसत्या बंदीने मिळत नाही. कर्ज घेणे चूक होते असे पटले म्हणून घेतलेले कर्ज फिटत नाही. उलट ज्याला बंधन हा अन्याय वाटतो त्याने तर कोरड्या जमिनीचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा, कारण त्याच्या मते हे देणे चुकीने घेतलेल्या गोष्टीचे आहे.

एक शंका अशीही राहते की घोड्याला खरोखर इतके दुखते का. तो ओरडत नाही, पाय थोडा उचलून धरतो, चारा खात राहतो. घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांतला. कळपात दुखणे दाखवणारा आधी मारला जातो, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तात आहे. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत तयार केली. कान ताठ मागे वळणे, पापणी अर्धवट मिटणे, डोळ्यावरचा भाग ताणला जाणे, जबड्याचे स्नायू उठून दिसणे, ओठ आवळून हनुवटी पुढे येणे, नाकपुड्या ताणणे, अशा सहा खुणा त्यात आहेत. घोडा न ओरडता सांगत असतो, वाचणारा हवा. आपल्याकडचा जुना मोतद्दार ‘आज डोळा बरा नाही’ असे म्हणतो तेव्हा तो हेच वाचत असतो. मौन म्हणजे संमती हा न्याय ज्याला तोंडच दिलेले नाही त्याला लावता येत नाही.

शेवटी एक अडचण अशी आहे की तिच्यावर मला पुरते उत्तर सापडत नाही, तरी ती सांगायला हवी. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिती केली, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. तहानेने मरणारे गाढव समोर होते, म्हणून कथा झाली. प्रतिबंधाची कथा होत नाही. जूनमध्ये कोणी थानाला चर काढला आणि सप्टेंबरपर्यंत घोड्याच्या पायाला काही झाले नाही, तर सांगण्यासारखे काय उरले? जे घडले नाही त्याला साक्षीदार नसतात, त्याचा उत्सव होत नाही, त्याच्या नावाने कोणी कीर्तन रंगवत नाही. धर्म मात्र कथांवर आणि उत्सवांवर जगतो. म्हणूनच ओवाळणी टिकते आणि फळ्या विस्मरणात जातात. माझे म्हणणे इतकेच आहे की फळाची अपेक्षा न ठेवता केलेल्या कर्माचा ज्या समाजात इतका गौरव होतो, त्या समाजाला तरी हे न दिसणारे काम ओळखता यायला हवे. कोणाला न दिसणारे, पुण्याच्या वहीत न चढणारे, घोड्यालाही उमगण्याची शक्यता नसलेले काम; रोज संध्याकाळी चार पाय पुसणे. निष्काम कर्माचे उदाहरण शोधायला याहून लांब जायचे कारण नाही.

येत्या पावसाळ्यात माथेरानला किंवा आणखी कुठे घोड्यावर बसण्याआधी घोडेवाल्याला विनंती करून घोड्याचे चारही पाय पाहा. खुराच्या वरच्या मागच्या खळगीत केसांचे चिकटलेले झुबके किंवा खपली दिसली, तर त्या घोड्यावर बसू नका. फेरीचे पैसे मात्र घोडेवाल्याच्या हातावर पूर्ण ठेवा, म्हणजे त्या दिवशी घोड्याला कोरड्या जागी उभे करणे त्याला परवडेल.